निकेल टीपीपी झालं, पण टॉर्चखाली अजून लाल चमकतंय? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

पोरफिरिनच्या (नायट्रोजन असलेली चार लहान कडी जोडून झालेलं, मध्यभागी धातू धरणारं मोठं रंगीत कडं) लॅबमध्ये नव्याने आलेल्या जवळपास प्रत्येकाला ही अडचण येते. मेसो-टेट्राफिनाइलपोरफिरिन, म्हणजे आपलं रोजचं टीपीपी, कड्यात निकेल बसवायला निकेल ॲसिटेटबरोबर डीएमएफ या द्रावकात रीफ्लक्स केलं (वाफ थंड होऊन परत आत पडेल असं उकळत ठेवलं), थंड पाण्यात ओतलं, गाळलं, वाळवलं. पदार्थ छान लालसर-जांभळा दिसतो आणि टीएलसीवर (सिलिकाच्या प्लेटवर मिश्रणातले पदार्थ वेगळे करून बघायची चाचणी) एकच ठिपका आहे असं वाटतं. मग कोणीतरी प्लेटवर यूव्ही टॉर्च मारतो आणि ठिपक्याच्या शेपटीला गडद लाल चमक दिसते. ‘सर, कॉलम लावू का?’ हा प्रश्न ठरलेला. (कॉलम म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून पदार्थ वेगळे करणं.) माझं उत्तरही ठरलेलं आहे: कॉलम सगळ्यात शेवटी.

कारण ही चमक दिसते एकसारखी, पण तिच्यामागचे दोष वेगवेगळे असतात आणि त्यातले बरेचसे कॉलमने सुटत नाहीत.

लक्षणं

खालीलपैकी एक किंवा अनेक गोष्टी दिसतात:

- प्लेटवर किंवा पातळ द्रावणात टॉर्चखाली लाल चमक.
- एनएमआरसाठी (रेणूतले हायड्रोजन कुठे आणि किती ते दाखवणारी चाचणी) ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवल्यावर नारिंगी-लाल रंगाऐवजी तपकिरी किंवा हिरवट छटा.
- यूव्ही-व्हिजिबलमध्ये (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला ते दाखवणारा आलेख) ५२७-५२८ नॅनोमीटरची पट्टी आहे, पण डावीकडे ५१५ला खांदा आणि पार उजवीकडे ६५०च्या आसपास एक लहानशी टेकडी.
- एनएमआरमध्ये उणे २.८ पीपीएमच्या जवळ छोटा सिग्नल.
- सिग्नल फुगलेले, पसरट; किंवा पदार्थाचं वजन गणितापेक्षा जास्त.

पहिली चार लक्षणं साधारण एका कुळातली आहेत. पाचवं वेगळं आहे, त्याकडे नंतर येऊ.

निकेलचं पोरफिरिन चमकत नाही, ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. निकेल दोन-धन इथे चौकोनी सपाट रचनेत असतो, त्याच्या डी कक्षेत आठ इलेक्ट्रॉन असतात. पोरफिरिनने प्रकाश शोषला की ती ऊर्जा काही पिकोसेकंदांत निकेलच्या डी-डी पातळीत उतरते आणि उष्णता होऊन निघून जाते. प्रकाश बाहेर टाकायला वेळच उरत नाही. टीपीपी मात्र ६५० आणि ७१५च्या आसपास छान लाल चमकतं. म्हणून लाल चमक दिसली की ती निकेल टीपीपीची नाही, दुसऱ्या कशाची तरी आहे. प्रश्न एवढाच, की कशाची आणि किती.

पहिली तपासणी: टॉर्च, पण नीट

नोटा तपासायला मिळतो तो ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त टॉर्च चालतो. किंबहुना ३६५पेक्षा बरा चालतो, कारण पोरफिरिनचं सर्वांत तीव्र शोषण, सोरे पट्टी, ४१५-४२०च्या आसपास असते आणि ३९५ तिच्या जवळ पडतं. डोळ्यांवर यूव्ही चष्मा लावा. टॉर्च स्वस्त असला तरी डोळे स्वस्त नाहीत.

प्लेटवर तीन ठिपके द्या: सुरुवातीचं टीपीपी, तुमचा पदार्थ आणि दोन्ही एकावर एक. डायक्लोरोमिथेन आणि हेक्सेन निम्मे-निम्मे घेऊन चालवा. निकेल टीपीपी जरा पुढे जातं, नारिंगी-लाल दिसतं आणि टॉर्चखाली काळं पडतं. टीपीपी थोडं मागे राहतं आणि पेटल्यासारखं लाल दिसतं. दोघांत अंतर फार नसतं, म्हणूनच ‘एकच ठिपका’ हा भास होतो. ठिपका बारीक द्या. जाड ठिपक्यात काहीही वेगळं होत नाही.

द्रावणात बघायचं असेल तर ते पातळ करा, अगदी फिकट गुलाबी होईपर्यंत. दाट द्रावणात निकेल टीपीपी टॉर्चचा बहुतेक प्रकाश स्वतःच गिळून टाकतं आणि टीपीपीची चमक झाकली जाते. दाट बाटली काळी दिसली म्हणून ‘शुद्ध झालं’ असं वहीत लिहिलेलं मी बरेचदा खोडलं आहे. उलटही होतं: पातळ द्रावणात शंभरात एक भाग टीपीपी असलं तरी डोळ्याला चमक दिसते आणि मुलं घाबरतात. टॉर्च ‘आहे’ एवढं सांगतो, ‘किती’ ते सांगत नाही. चमक बघून कॉलम लावणं म्हणूनच मला पटत नाही.

दुसरी तपासणी: आम्लाचा एक थेंब

काचेच्या दोन लहान बाटल्यांत पदार्थाचं डायक्लोरोमिथेनमधलं पातळ द्रावण घ्या. एकीत ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिडचा एक थेंब टाका. टीपीपी दोन प्रोटॉन घेऊन तात्काळ हिरवं होतं. निकेल टीपीपी तसंच नारिंगी-लाल राहतं, कारण निकेल बाहेर काढायला एवढं आम्ल पुरत नाही, त्याला सांद्र सल्फ्युरिक ॲसिडच लागतं. मिश्रण असेल तर रंग मळकट तपकिरी होतो.

एनएमआरच्या नळीत हिरवट छटा दिसते त्याचं कारणही हेच. जुन्या ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिडचा अंश असतो आणि तो फक्त उरलेल्या टीपीपीला हिरवं करतो. थोड्या कोरड्या पोटॅशियम कार्बोनेटवरून किंवा बेसिक ॲल्युमिनावरून तो क्लोरोफॉर्म गाळून घ्या. पण त्यामुळे टीपीपी कमी झालं असं समजू नका. रंग परत येतो, दोष तिथेच राहतो.

या चाचणीला एक फाटा आहे. झिंकचं पोरफिरिनही चमकतं आणि आम्लाच्या थेंबाने झिंक सोडून हिरवं होतं. ज्या फ्लास्कमध्ये किंवा ज्या टेफ्लॉनच्या चुंबकी कांडीने मागच्या आठवड्यात झिंक टीपीपी केलं होतं तीच वापरली असेल तर संशय घ्यायला हरकत नाही. झिंक फार लवकर शिरतं. थेंब टाकण्याआधीच्या स्पेक्ट्रममध्ये ५४८ आणि ५८८च्या आसपास दोन पट्ट्या दिसल्या तर झिंक.

तिसरी तपासणी: वही आणि तराजू

याला पैसे लागत नाहीत, तरी कोणी करत नाही.

१०० मिलिग्रॅम टीपीपी (रेणुभार ६१४.७) म्हणजे ०.१६३ मिलिमोल. पाच पट निकेल घ्यायचं तर निकेल ॲसिटेट टेट्राहायड्रेट (२४८.८) सुमारे २०२ मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर ‘टेट्राहायड्रेट’ लिहिलं आहे आणि गणितात निर्जल क्षाराचा १७६.८ घातला, हा घोळ नेहमीचा. त्यात जवळपास तीस टक्के निकेल कमी पडतं. पाच पट घेतलं असेल तर एवढ्याने अभिक्रिया बिघडत नाही. दीड पटीत केलं असेल तर बिघडते. मी पाच ते दहा पट घेतो, कारण निकेल शिरायला आळशी आहे आणि उरलेला क्षार पाण्याने धुऊन जातो.

शंभर टक्के उत्पन्न म्हणजे १०९ मिलिग्रॅम निकेल टीपीपी (रेणुभार ६७१.४). तुमच्याकडे १२५ भरलं असेल तर आनंद करू नका. जास्तीचं जे आहे ते डीएमएफ, पाणी किंवा निकेलचा क्षार.

चौथी तपासणी: फ्लास्कच्या आत नक्की काय चाललं होतं

बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो.

डीएमएफ १५३ अंश सेल्सिअसला उकळतं. हॉटप्लेटवरचा आकडा १५५ असला तरी तो प्लेटचा असतो किंवा तेलाचा; आतलं द्रावण १३०लाही असू शकतं. कंडेन्सरमधून थेंब नियमित पडत नसतील तर ते रीफ्लक्स नाही. झिंकला एवढी उष्णता लागतच नाही, त्यामुळे आधी झिंक टीपीपी सहज करून आलेल्यांना निकेलही तसंच जाईल असं वाटतं. तसं जात नाही.

टीपीपी थंड डीएमएफमध्ये नीट विरघळत नाही. ते आधी एकटंच गरम डीएमएफमध्ये पूर्ण विरघळवा, तळाशी चमकणारे जांभळे स्फटिक राहिलेले नाहीत हे टॉर्च मारून नव्हे, साध्या उजेडात बघा आणि मगच निकेल ॲसिटेट टाका. सगळं एकदम कोरडं टाकून वर डीएमएफ ओतलं की काही स्फटिक तळाशी बसतात ते बसतातच.

आणि फ्लास्कची मान बघा. उकळताना उडालेले थेंब वर सुकतात आणि द्रावणाच्या पातळीच्या वर जांभळं कडं तयार होतं. त्या कड्यातल्या टीपीपीला निकेल कधी भेटलेलंच नसतं. शेवटी सगळं पाण्यात ओतताना तुम्ही फ्लास्क स्वच्छ धुता, तेव्हा हेच कडं पदार्थात येऊन मिसळतं आणि टॉर्चखाली चमकतं. उपाय सोपा: अर्ध्या वाटेवर उष्णता थांबवून द्रावण जरा निवू द्या, ड्रॉपरने थोडं डीएमएफ घेऊन मान धुवून खाली उतरवा, पुन्हा रीफ्लक्स करा. आमच्याकडे ही एक सवय लागल्यापासून तक्रारी निम्म्यावर आल्या, असं म्हणायला हरकत नाही.

क्षारातल्या पाण्याची फार चिंता करू नका. टेट्राहायड्रेट स्वतःच भरपूर पाणी घेऊन येतं आणि तरीही काम होतं. पण डीएमएफ जुनं, पिवळं पडलेलं, माशासारखा वास येणारं असेल तर बदला. त्याचं डायमिथिलअमाइन आणि फॉर्मिक ॲसिड व्हायला लागलेलं असतं. वास मुद्दाम नाकाशी नेऊन घेऊ नका. बाटली उघडल्यावर हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) कळतो.

पाचवी तपासणी: यूव्ही-व्हिजिबल

आता ‘किती’ या प्रश्नाकडे. सोरे पट्टीवर विसंबू नका: टीपीपीची ४१७-४१९, निकेल टीपीपीची ४१४-४१५, मिश्रणात दोन्ही एकमेकांत विरघळून जातात. त्या पट्टीसाठी केलेलं द्रावण क्यू पट्ट्यांसाठी (सोरेच्या उजवीकडच्या कमी तीव्र पट्ट्या) फार पातळ पडतं, म्हणून दुसरं, दहापट दाट द्रावण करून ४८० ते ७०० एवढाच भाग घ्या.

टीपीपीच्या चार पट्ट्या असतात: ५१५, ५५०, ५९० आणि ६४७च्या जवळ. निकेल टीपीपीची एकच ठळक, ५२७-५२८. ६००च्या पुढे निकेल टीपीपी जवळजवळ काहीच शोषत नाही, म्हणून ६४७ची जागा ही तुमची खिडकी. तिथे टेकडी असेल तर सुरुवातीच्या टीपीपीचं ज्ञात तीव्रतेचं द्रावण त्याच उपकरणावर घेऊन प्रमाण काढा.

पण थांबा. ५१५ला काहीच खांदा नाही आणि ६५०-६५२ला मात्र टेकडी आहे, असं दिसलं तर ते टीपीपी नाही. ते क्लोरिन आहे. (वायू नव्हे, पोरफिरिनच्या कड्यातला एक दुहेरी बंध कमी झालेला प्रकार.) प्रोपियॉनिक ॲसिडमध्ये बेन्झाल्डिहाइड आणि पायरोल उकळून टीपीपी करायची ॲडलर-लाँगो यांची १९६७ची पद्धत अजून सगळीकडे चालते, कारण ती स्वस्त आहे आणि स्फटिक आपोआप पडतात. तिच्यात टीपीपीबरोबर थोडं क्लोरिन येतंच. ६५०च्या आसपास क्लोरिन टीपीपीच्या कितीतरी पट जास्त शोषतं, त्यामुळे चिमूटभर असलं तरी डोंगर दिसतो. त्यातही निकेल शिरलं की पट्टी ६००-६२०च्या दरम्यान सरकते, चमक जाते आणि पदार्थाला उगाच हिरवट झाक येते.

हे कॉलमने काढायला जाऊ नका, जीव जाईल. टीपीपी आणि त्याचं क्लोरिन सिलिकावर एकमेकांना चिकटून चालतात. दोष सुरुवातीच्या मालात आहे, तिथेच दुरुस्त करा: निकेल घालायच्या आधी टीपीपी डीडीक्यू या ऑक्सिडीकारकाबरोबर गरम करून क्लोरिनचं पुन्हा पोरफिरिन करून घ्या, छोट्या ॲल्युमिनाच्या थरातून गाळा, ६५०ची टेकडी साध्या टीपीपीएवढी खाली आली का ते बघा.

सहावी: एनएमआर, आणि फुगलेल्या सिग्नलांचं कोडं

निकेल टीपीपीचे आठ बीटा (कड्याच्या बाहेरच्या काठावरचे) प्रोटॉन ८.७५ पीपीएमला, टीपीपीचे ८.८५ला. दोन्ही तीक्ष्ण, दोन्हींत आठ प्रोटॉन, म्हणजे दोघांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर हेच मिश्रणाचं गुणोत्तर. उणे २.८चा एनएच सिग्नल (कड्याच्या आतल्या नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचा) फक्त टीपीपीचा. यूव्हीचा आकडा आणि हा आकडा जुळला पाहिजे.

सिग्नल फुगलेले असतील तर आधी पायरिडीन कुठे आलं का ते आठवा. पायरिडीन किंवा पिपेरिडीनसारखं अमाइन निकेलला वरून-खालून धरतं, निकेल हाय-स्पिन होतं (त्याचे दोन इलेक्ट्रॉन एकटे राहतात) आणि अनुचुंबकी झाल्याने सिग्नल सरकतात, पसरतात. तसं काही नसेल तर उरलेला निकेलचा क्षार. याची चाचणी बी.एस्सी.च्या अकार्बनी प्रात्यक्षिकातली आहे: पदार्थ पाण्याबरोबर हलवून गाळा, गाळलेल्या पाण्यात अमोनिया आणि डायमिथिलग्लायऑक्झाइम टाका. गुलाबी-लाल साका आला तर क्षार आहे. पोरफिरिनमधला निकेल एवढा घट्ट बसलेला असतो की तो ही चाचणी देत नाही. धुणं चालू ठेवा, साका येणं थांबेपर्यंत. मग मिथेनॉलने एकदा.

वस्तुमान स्पेक्ट्रममध्ये ६७० आणि ६७२ ही जोडी दिसते, कारण निकेल ५८ सुमारे ६८ टक्के आणि निकेल ६० सुमारे २६ टक्के असतो. उरलेल्या टीपीपीचं ६१५ही दिसतं. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (रेणूंवर विद्युतभार चढवायची एक पद्धत) टीपीपी चटकन प्रोटॉन घेतं म्हणून त्याची रेषा फुगवून दिसते. त्यावरून टक्केवारी काढू नका.

आता उपाय, आणि कधी सोडून द्यायचं

उरलेलं टीपीपी असेल तर माझा पहिला उपाय कॉलम नाही, पुन्हा निकेल. सगळा पदार्थ ताज्या डीएमएफमध्ये विरघळवा, आणखी दोन-तीन पट निकेल ॲसिटेट, खरंखुरं रीफ्लक्स, मान धुवून. न झालेलं काम पूर्ण करणं हे वेगळं काढण्यापेक्षा स्वस्त. त्यानंतरही राहिलेल्या अंशासाठी सिलिकाचा आखूड कॉलम; पहिला नारिंगी-लाल पट्टा घ्यायचा आणि शेपटी सोडून द्यायची. लोभ करून शेपटी घेतली की कॉलम लावल्याचा उपयोग शून्य.

किती शुद्ध हवं, ते पुढच्या कामावर ठरतं. विल्समायर पद्धतीने कड्यावर फॉर्मिल गट लावायचा असेल तर एक-दोन टक्के टीपीपीने फार बिघडत नाही. ते त्या आम्लात प्रोटॉन घेऊन बसून राहतं आणि नंतर वेगळं होतं. याच कारणासाठी तर आधी निकेल घालतात. कच्च्या तेलातली निकेल पोरफिरिन काढायच्या उत्प्रेरकांच्या अभ्यासात निकेल टीपीपी नमुना म्हणून वापरतात, तिथेही यूव्हीचा आकडा पुरतो. प्रकाशाचा कोणताही प्रयोग असेल तर मात्र चमक पूर्ण गेली पाहिजे: टीपीपी प्रकाशात सिंगलेट ऑक्सिजन तयार करतं, निकेल टीपीपी नाही, आणि श्रेय भलत्यालाच जातं. इलेक्ट्रोडवर हायड्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडचं काम करणार असाल तर धोका उलटा आहे. तिथे उरलेला निकेलचा क्षार इलेक्ट्रोडवर बसतो आणि तोच काम करतो. अशा वेळी डायमिथिलग्लायऑक्झाइमवर भागवू नका, नमुना आयसीपी-एमएसला (धातूचा अगदी थोडा अंशही मोजणारं उपकरण) द्या.

दुसऱ्यांदा निकेल घालूनही बीटाच्या गुणोत्तरात फरक पडला नाही, तर स्वतः आणखी प्रयोग थांबवा. सुरुवातीचा माल टीपीपी नसण्याची शक्यता आहे. गाइडना दाखवा आणि उच्च-विभेदन वस्तुमान मोजणीसाठी उपकरण केंद्राकडे पाठवा. सांद्र सल्फ्युरिक ॲसिडने निकेल काढून नव्याने सुरुवात करायचा विचार मनात आला तर तोही अनुभवी माणूस शेजारी उभा असल्याशिवाय करू नका.

हूड ओढत नसेल तर त्या दिवशी हे काम होणार नाही, देखभाल विभागाला फोन करा. निकेलची संयुगं श्वासातून गेल्यास कर्करोगकारक म्हणून आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत. वाळलेलं निकेल ॲसिटेट आणि वाळलेलं निकेल टीपीपी दोन्ही उघड्यावर खरवडायचे, कुटायचे नाहीत. पोरफिरिन निकेलला घट्ट धरतं हे खरं, पण त्या भरवशावर मास्क काढायचा नसतो. डीएमएफ त्वचेतून आत जातं, यकृताला आणि गर्भाला घातक आहे. गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर हे रीफ्लक्स दुसऱ्याकडे द्या, कारण सांगायचीही गरज नाही. डीएमएफ अंगावर सांडलं, किंवा निकेल हाताळल्यावर हातांवर खाजरं पुरळ उठून जात नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि रसायनांची नावं लिहून न्या. एकदा निकेलची ॲलर्जी बसली की ती सहसा आयुष्यभर राहते.

गाळलेलं हिरवट पाणी, डीएमएफ आणि वापरलेला सिलिका सिंकमध्ये किंवा कचऱ्यात नाही. ‘निकेल’ असं ठळक लिहिलेल्या वेगळ्या कॅनमध्ये जमवा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्या. कॅन तीन-चतुर्थांश भरला की नवा घ्या, काठोकाठ भरलेला कॅन उचलायला ते लोक नकार देतात.